अस्थिऋण

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आम्ही फोंडा तालुक्यात दिलेल्या आमच्या थोरल्या भगिनीच्या घरी गेलो होतो. तिची धाकटी कन्या नुकतीच दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्गात दाखल झाली होती आणि सुट्टीस येताना अभ्यासाचे साहित्य एका कापडी पिशवीतून बरोबर घेऊन आली होती. त्या साहित्यात एक मानवी कवटी आणि तिचा सुटा खालचा जबडा होता. भगिनीच्या सासूबाईंना घरातील लहानथोर सारे आजीच म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. देवळातील पालखी सहसा न चुकविणाऱ्या. त्यांची दृष्टी त्या पिशवीकडे गेली तेव्हा आता घरात गहजब होणार असे आम्हास वाटले. तसे काही झाले नाही. कवटीकडे क्षणभर पाहून त्यांनी एवढेच विचारले, "हें कोणाचें गो?"

"कॉलेजीचें, आजी."

"कॉलेजीचें तें कळ्ळें. मनीस कोण आसलो?"

भाचीजवळ याचे उत्तर नव्हते, आमच्याजवळही नव्हते. ती पिशवी देवघराला लागून असलेल्या खोलीत न ठेवता पडवीतील फडताळात, स्वच्छ पंचावर ठेवावी, एवढी आज्ञा करून आजी आत गेल्या. प्रश्न मात्र आमच्या मागे लागला. वस्तू कोणाची, हे न्यायालयात दुसऱ्यांस विचारण्यात आमची वीस वर्षे गेली. परंतु अस्थी कोणाच्या, हा प्रश्न आमच्यापुढे कधी आला नव्हता. त्याचा शोध घेताना जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. ज्याला पुढे केवळ बत्तीस दातांची चिकित्सा करावयाची, त्याला मनुष्याच्या मृत देहाशी काय कर्तव्य? ही शंका अनेक सुशिक्षितांच्या मुखी आम्ही ऐकली आहे. तिचे उत्तर त्या पडवीतील जबड्यातच आहे. खालच्या जबड्याच्या आतील अंगास, मागच्या बाजूला, एक लहान छिद्र असते आणि त्याच्या तोंडाशी हाडाची एक बारीक जीभ पुढे आलेली असते. मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या तंतूच्या तीन मोठ्या शाखा. त्यांपैकी तिसरीचा एक फाटा या छिद्रातून हाडात शिरतो आणि हाडाच्या आतील बोगद्यातून जात खालच्या साऱ्या दातांस संवेदना पुरवितो. दाढ काढण्यापूर्वी वैद्य सुई टोचतो ती या छिद्राच्या आसपास औषध पोचावे म्हणून. छिद्र डोळ्यांस दिसत नाही. गालाच्या आत बोट घालून हाडाची कड चाचपावी आणि उरलेले मनातल्या चित्रावरून ठरवावे, एवढेच हाती असते. सुई फार मागे गेली तर औषध कानाखालच्या लाळग्रंथीत उतरते, तेथून जाणारा चेहऱ्याचा तंतू बधिर होतो, आणि दाढ दुखते म्हणून आलेल्या रोग्याचा त्या बाजूचा डोळा काही काळ मिटेनासा होतो. या मार्गाने जबडा बधिर करण्याची रीत अमेरिकेत हॉल्स्टेड व त्याचे सहकारी यांनी १८८४ साली कोकेन वापरून प्रथम प्रचारात आणली. हॉल्स्टेड हा मुळात शल्यवैद्य. प्रेतावर शिकलेले हाताला ठाऊक होते, म्हणूनच सुई कोठे न्यावी हे त्याला सुचले.

वरच्या जबड्याची कथा याहून बोलकी आहे. नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने १६५१ साली आपल्या शरीररचनेच्या ग्रंथात एका स्त्रीची हकीकत नमूद केली आहे. तिचा वरचा डावा सुळा काढताना हाडाचा पातळ पापुद्रा निघून आला आणि त्या जागेतून सतत स्राव होऊ लागला. कारण शोधण्यासाठी तिने त्या भोकात चांदीचा दाभण घातला, मग पक्ष्याचे पीस सोलून घातले. पीस आत जातच राहिले, तेव्हा ते मेंदूपर्यंत पोचले अशी तिची समजूत होऊन ती भयाने अर्धी झाली. हायमोरने तिला समजावून सांगितले की, गालाच्या हाडाखाली प्रत्येक मनुष्याला एक स्वाभाविक पोकळी असते. पीस मेंदूत गेले नसून त्या पोकळीत वळसे घेत होते. तिचे भय गेले. पुढे त्या पोकळीला दीर्घकाळ हायमोरचेच नाव चालले. आज दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला कवटी हातात देऊन वरच्या दाढांची मुळे या पोकळीच्या तळाला किती लागून असतात हे दाखवितात, ते याचकरिता.

असो. विद्या आवश्यक आहे हे ठरले. आता ती कोणाच्या देहावर शिकली गेली, हे पाहू.

आपल्याकडे या प्रश्नाचा आरंभ सुश्रुतापासून होतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील पाचव्या अध्यायात प्रेत कसे निवडावे व कसे शोधावे याची पद्धत सांगितली आहे. विषाने मेलेल्याचे, दीर्घ रोगाने झिजलेल्याचे किंवा शंभरी गाठलेल्याचे प्रेत घेऊ नये; आतड्यांतील मळ काढून टाकावा; मुंज, वल्कल, कुश इत्यादिकांनी गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, आडजागी वाहत्या पाण्यात सात रात्री भिजू द्यावे; आणि मग वाळा, केस, वेळू वगैरेंच्या कुंचल्यांनी हळूहळू घाशीत त्वचेपासून आतील प्रत्येक अंग डोळ्यांनी पाहावे. शास्त्राने वाचलेले आणि प्रत्यक्ष पाहिलेले ही दोन्ही एकत्र आल्याखेरीज ज्ञान पुरे होत नाही, असा त्या अध्यायाचा निष्कर्ष. दंतवैद्यांस मौज वाटेल अशीही एक गोष्ट तेथे आहे: अस्थींचे जे पाच प्रकार सुश्रुत मोजतो त्यांत दात हे 'रुचक' या नावाने अस्थींतच धरले आहेत. वेदवादी अस्थी ३६० मानतात, शल्यतंत्रात मात्र ३००, असेही तो स्पष्ट सांगतो. ३६० हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे त्याचे काम आहे. सुश्रुताने प्रेत कसे असावे हे सांगितले; ते कोणाचे असावे, याविषयी तो अध्याय मौन आहे.

पाश्चात्य देशांत हजार वर्षांहून अधिक काळ गॅलेनचा शब्द प्रमाण होता. गॅलेनने बहुतांशी माकडे व इतर जनावरे फाडली होती आणि मनुष्याचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो असे लिहून ठेवले होते. जन्माच्या वेळी त्याचे दोन अर्धे असतात हे खरे, परंतु पहिल्या वर्षातच ते सांधले जातात. प्रौढाचा जबडा अखंड असतो, हे १५४३ साली व्हेसेलियसने आपल्या महाग्रंथात सांगितले तेव्हा गॅलेनच्या शिष्यांत मोठी खळबळ उडाली. हे त्याने कशावरून जाणले? तरुणपणी, १५३६ साली, लुव्हें शहराबाहेर फाशी दिलेल्या एका माणसाचा सांगाडा खांबाला लोंबत होता. व्हेसेलियसने तो लपवून तुकड्यातुकड्याने घरी नेला. आजींच्या प्रश्नाचे युरोपातील जुने उत्तर हे असे आहे: तो मनुष्य फाशी गेलेला होता, आणि त्याला कोणी विचारले नव्हते.

दंतशास्त्राला विज्ञानाच्या पायावर उभे करणाऱ्या ग्रंथांत जॉन हंटरच्या १७७१ सालच्या मानवी दातांवरील ग्रंथाची गणना होते. जबड्याची वाढ, दातांची रचना, दुधाचे दात पडून नवे कसे येतात, या सर्वांचे त्याने केलेले निरीक्षण पुढील पिढ्यांस पायाभूत ठरले. याच हंटरची दुसरीही एक कथा आहे. चार्ल्स बर्न नावाचा एक आयरिश तरुण, उंची साडेसात फुटांच्या आसपास, लंडनमध्ये आपल्या उंचीचे प्रदर्शन करून पोट भरीत असे. आपण मेल्यावर शल्यवैद्य आपला देह पळवतील या भीतीने त्याने मित्रांना विनविले होते की, माझी पेटी समुद्रात खोल बुडवा. १७८३ साली तो वारला. हंटरने वाटेत पैसे चारून ते प्रेत मिळविले, त्याच्या अस्थी मोकळ्या केल्या आणि सांगाडा आपल्या संग्रहालयात उभा केला. दोनशेहून अधिक वर्षे तो तेथे लोकांच्या नजरेपुढे होता. २०२३ साली ते संग्रहालय नूतनीकरणानंतर उघडले तेव्हा मात्र तो प्रदर्शनातून काढण्यात आला होता. हंटरच्या विद्येचे ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु वकील या नात्याने आम्हास हे म्हणणे भाग आहे की, या प्रकरणात मृताची इच्छा काय होती याविषयी संशयाला जागाच नव्हती. ती माहीत असूनच डावलली गेली.

इंग्लंडच्या १७५२ सालच्या कायद्याने खुनाबद्दल फाशी गेलेल्यांचे देह विच्छेदनासाठी देण्याची तरतूद केली होती. विच्छेदन हा शिक्षेचाच भाग होता, आणि सामान्य जनतेच्या मनात त्याविषयी जी घृणा रुजली ती यामुळेच. विद्यार्थी वाढले, फाशी जाणारे पुरेनात, आणि थडगी उकरणाऱ्यांचा धंदा बोकाळला. त्याची परिसीमा १८२८ साली एडिंबरो येथे झाली. बर्क व हेअर या दोघांनी सोळा माणसे मारून त्यांची प्रेते डॉक्टर नॉक्स याच्या शरीररचनेच्या शाळेस विकली. हेअर माफीचा साक्षीदार झाला. बर्क १८२९ च्या जानेवारीत फाशी गेला आणि त्याच्याच देहाचे विच्छेदन झाले. या हाहाकारानंतर १८३२ चा कायदा आला. त्याने फाशीच्या कैद्यांचे विच्छेदन बंद केले आणि त्यांच्या जागी अनाथालयांत व इस्पितळांत मेलेल्या बेवारस गरिबांचे देह शाळांकडे जाण्याचा मार्ग मोकळा केला. थडगी उकरणे थांबले, हा त्या कायद्याचा गुण. जो काल गुन्हेगाराचा दंड होता तो आज गरिबाच्या वाट्यास आला, हा त्याचा दोष.

अमेरिकेतही हेच भय होते. बाल्टिमोर शहरात १८०७ साली जमावाने डॉक्टर डेव्हिज यांची विच्छेदनशाळा पाडून टाकली होती. त्याच शहरात १८४० साली दंतवैद्यकाचे जगातील पहिले महाविद्यालय स्थापन झाले. त्याच्या चार प्राध्यापकांपैकी एकाकडे शरीररचना व शरीरक्रिया हे विषय होते. दात काढणारा हा केवळ कारागीर नव्हे, त्याने देह जाणला पाहिजे, हे तत्त्व तेथपासून रूढ झाले. आणि आमच्या भाचीच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात शरीररचना आली ती याच परंपरेने.

हिंदुस्थानात हा विषय आला तो एका पंडिताच्या हस्ते. कलकत्त्याच्या संस्कृत महाविद्यालयात वैद्यक शिकविणारे मधुसूदन गुप्त यांनी १८३६ साली तेथील नव्या वैद्यकीय महाविद्यालयात मानवी देहाचे विच्छेदन केले. घराण्याने वैद्य, सुश्रुत जाणणारे. तरीही त्या काळच्या समाजात प्रेताला हात लावणे म्हणजे केवढे धाडस होते हे वाचकांस सांगावयास नको. गोव्यात पोर्तुगीज सरकारची वैद्यकीय शाळा १८४२ साली निघाली. मुंबईचे ग्रँट महाविद्यालय १८४५ चे; तेथून पदवीधर झालेल्या पहिल्या तुकडीत डॉक्टर भाऊ दाजी लाड हे आपल्या पेडणे तालुक्यातील मांद्र्याचे. दंतवैद्यकाचे स्वतंत्र शिक्षण मात्र पुष्कळ उशिरा आले. कलकत्त्यास डॉक्टर रफिउद्दिन अहमद यांनी १९२० साली महाविद्यालय काढले, मुंबईस नायर इस्पितळाचे १९३३ साली निघाले, १९४८ साली देशात दंतवैद्यांचा कायदा झाला, आणि गोव्यात दंतमहाविद्यालय निघावयास १९८० साल उजाडले.

कायद्याने देह पुरविण्याची व्यवस्थाही याच सुमारास झाली. मुंबई राज्याचा शरीररचना कायदा १९४९ चा. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होते. म्हैसूर राज्याने १९५७ साली असाच कायदा केला. या कायद्यांचा गाभा १८३२ च्या इंग्रजी कायद्याचाच: इस्पितळात, तुरुंगात वा रस्त्यावर मेलेल्या ज्या माणसावर कोणी नातलग हक्क सांगत नाही, त्याचा देह शिक्षणसंस्थेस मिळावा. त्यांची आवश्यकता आम्ही जाणतो. परंतु ज्याच्यावर हक्क सांगावयास कोणी नव्हते, त्याला जिवंतपणी कोणी विचारले होते काय? अस्थींचा व्यापार तर याहून गर्हणीय. कलकत्त्याहून परदेशी विद्यालयांना वर्षानुवर्षे मानवी सांगाडे निर्यात होत. केंद्र सरकारने १९८५ साली त्यावर बंदी घातली. आजही विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या हातोहात चालत आलेल्या जुन्या कवट्या आहेत. त्या मूळच्या कोणाच्या, हे सांगणारा कागद सहसा कोठेही नसतो.

या साऱ्या काळोखात एक निराळी वाट अलीकडच्या काळात उजळली, ती देहदानाची. १९५६ साली पुण्याचे पांडुरंग श्रीधर आपटे यांचा देह तेथील बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयास मिळाला. आपल्या देशातील देहदानाची पहिली नोंद म्हणून शरीररचनेचे अध्यापक त्याचा उल्लेख करतात. भारताचे नागरिकत्व पत्करलेले शास्त्रज्ञ हाल्डेन १९६४ च्या डिसेंबरात भुवनेश्वरास वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेला. मराठवाड्यात जन्मलेले नानाजी देशमुख २०१० च्या फेब्रुवारीत चित्रकूटास निवर्तले. त्यांनीही देह आधीच दिलेला होता. आणि त्याच वर्षी बेळगावात, एका आयुर्वेद महाविद्यालयातील शरीररचनेच्या अध्यापकाने, पित्याच्याच इच्छेनुसार, त्यांच्या देहाचे विच्छेदन करून विद्यार्थ्यांस शिकविले. ते वृत्त आम्ही त्या वेळी वाचले तेव्हा अंगावर काटा आला होता. आता आजींच्या प्रश्नानंतर ते निराळे वाटते. त्या दालनातील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक होते की हा मनुष्य कोण आणि तो येथे का आला.

येथे कायद्याची एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण तिच्या अज्ञानामुळे अनेकांची अखेरची इच्छा वाया जाते. पुष्कळ लोक मृत्युपत्रात देहदान लिहून निश्चिंत होतात. इंग्रजी न्यायतत्त्व असे की, प्रेत ही कोणाची मालमत्ता नव्हे. म्हणून ते मृत्युपत्राने देता येत नाही. विल्यम्स विरुद्ध विल्यम्स या १८८२ सालच्या खटल्यात हे स्पष्ट झाले. हेन्री क्रुकेंडन या गृहस्थाने आपला देह दहन करण्यासाठी एका मैत्रिणीच्या स्वाधीन करावा असे लिहून ठेवले होते. कुटुंबाने त्याला पुरले. त्या बाईने पुढे देह उकरवून मिलान येथे नेऊन दहन केले आणि खर्चासाठी दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला: मृताची लेखी इच्छा असली तरी ती बंधनकारक नाही. आपल्याकडेही व्यवहारात घडते ते असेच. देह संस्थेकडे पोचवावयाचा तो मुलांनी. संमती द्यावयाची ती जवळच्या नातलगांनी. तेही थोड्या तासांत, घरात रडारड चालू असताना. एकाने नकार दिला तर कोणतीही संस्था हट्ट धरीत नाही, आणि धरूही नये. शिवाय मृत्युपत्र बहुधा उघडले जाते ते तेराव्यानंतर. म्हणून ज्यांच्या मनात हे असेल त्यांनी संस्थेचा अर्ज भरावा, त्यावर मुलांच्या सह्या घ्याव्यात, आणि सह्यांपेक्षा अधिक म्हणजे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे.

उरतो तो धर्माचा प्रश्न, आणि मंदिरांच्या छायेत वाढलेल्या आपल्या समाजात तोच मोठा. दहन नाही, अस्थी नाहीत, मग उत्तरक्रिया कशी करावी? आपल्या धर्मशास्त्राला हा प्रसंग अनोळखी नाही. परदेशी वा पाण्यात मरण येऊन ज्याचा देह सापडत नाही, त्याच्यासाठी पळसाच्या देठांची प्रतिमा करून तिचे दहन करण्याचा विधी सांगितला आहे. महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याची चर्चा केली आहे. हे देठ अवयवाअवयवांवर वाटून घ्यावयाचे असतात, आणि त्यांची एकूण संख्या ३६०, म्हणजे सुश्रुताने वेदवाद्यांची म्हणून सांगितलेली अस्थिसंख्याच. देहदानानंतर हाच विधी करावा की केवळ श्राद्ध करावे, हे ज्याने त्याने आपल्या पुरोहितांस विचारून ठरवावे. तो आमचा अधिकार नव्हे. देह हाती नसला तर क्रिया अडते, ही समजूत मात्र शास्त्राला धरून नाही, एवढे आम्ही निश्चित म्हणू शकतो.

दधीचीची कथा देहदानाच्या प्रत्येक सभेत सांगितली जाते. तिच्यातील एका अंगाकडे आमचे लक्ष आजवर गेले नव्हते. वृत्राच्या वधासाठी वज्र हवे होते, देव संकटात होते, आणि तरीही त्यांनी त्या ऋषीच्या अस्थी परस्पर नेल्या नाहीत. ते सरस्वतीच्या तीरावरील आश्रमात गेले आणि त्यांनी मागणी केली. त्याने होकार दिल्यावरच वज्र घडले. ज्या सारस्वत मुनीशी गोव्यातील अनेक कुळे आपले नाते सांगतात, तो महाभारताच्या शल्यपर्वाप्रमाणे याच दधीचीचा पुत्र. हंटरने जे केले नाही, आमच्या कायद्यांना जे करता आले नाही, ते देवांनी केले होते.

शिमग्याच्या आधी भगिनीच्या घरून निरोप आला की आजींनी बोलाविले आहे. पडवीतील फडताळ रिकामे होते. कवटी भाचीबरोबर परत गेली होती. आजींना अर्ज भरावयाचा होता. आम्ही त्यांना वर लिहिले आहे तेच सांगितले: तुमच्या सहीने भागणार नाही, मुलांना बोलवा. तिन्ही मुलगे बसले. थोरल्याने विधीविषयी विचारले आणि पुरोहितांशी बोलून होकार दिला. दुसऱ्याने काही न बोलता सही केली. धाकटा म्हणाला, "आईला अग्नी द्यावयाचा तो माझ्या हाताने," आणि उठून गेला. आजी त्याच्यावर रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ताका वेळ दिया. मागल्याबगर घेवपाचें न्हय."

अर्ज आमच्या कपाटात आहे. त्यावरील एक जागा अजून कोरी आहे.